फलक मराठी, खिडकी इंग्रजी!

नागपूरहून काटोलकडे निघाले की कळमेश्वर हे तालुक्याचे गाव लागते. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे स्थानक, भोवताली संत्र्याच्या बागा, लगतच औद्योगिक वसाहत, आणि तालुक्यातच विदर्भाचे पंढरपूर म्हणून ओळखले जाणारे धापेवाडा. गावाचा नागरी कारभार कळमेश्वर-ब्राह्मणी नगर परिषद पाहते. येथील घरात, शेतात, बाजारात आणि देवळात मराठी बोलली जाते. औद्योगिक वसाहतीत अन्य प्रांतांतून आलेला श्रमिक हिंदी बोलतो. इंग्रजी ही येथे कोणाच्याही माजघरातील भाषा नाही. तथापि जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक कागदावर, प्रत्येक संकेतस्थळावर आणि मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक सरकारी संदेशात तीच भाषा या ना त्या रूपाने ठाण मांडून बसली आहे. स्वराज्याला पाऊणशे वर्षे उलटल्यानंतरची ही स्थिती आहे.

अशा गावातील एक वृद्धा डोळ्यांसमोर आणावी. ती कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हे. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी ती भेटेल. तिचा पती कारखान्यात आयुष्यभर राबला आणि निवर्तला. त्याच्या भविष्य निर्वाह निधीशी जोडलेले विधवा निवृत्तिवेतन तिला हवे आहे. या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ पासून दरमहा १००० रुपये ठरलेली आहे. एवढ्या रकमेसाठी तिला नगर परिषदेकडून मृत्यूचा दाखला, आधारपत्र आणि बँकेचे खातेपुस्तक जुळवावे लागते. पतीचे नाव देवनागरीत लिहिले तर ते एकच आहे. रोमन लिपीत मात्र दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि कारखान्याच्या नोंदीत तिसरे झाले आहे. यंत्र अर्ज परत करते. परत केल्याचा संदेश मोबाईलवर येतो, तोही बहुधा इंग्रजीत. ती तो संदेश घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाते. दुकानदार संदेश वाचतो, नवा अर्ज भरतो, पैसे घेतो आणि जाताना ओटीपीही विचारून घेतो. तो आकडा कोणालाही सांगू नये, ही सूचना त्याच संदेशात असते. ज्या भाषेत ती सूचना असते, ती भाषा या वृद्धेला येत नाही.

या वृद्धेला अशिक्षित ठरवून मोकळे होण्याची आपल्या शिकलेल्या समाजाची रीत आहे. वस्तुतः ती हरिपाठ वाचते, पंचांग पाहते, नातवाला अक्षरे गिरवायला शिकवते. घरी ती साक्षर आहे. सरकारी खिडकीसमोर उभी राहताच निरक्षर होते. तिला निरक्षर करण्याचे हे काम कोणत्या परकीय सत्तेने केलेले नाही. तिच्याच करातून पगार घेणाऱ्या, तिच्याच मताने निवडून आलेल्या व्यवस्थेने ते केले आहे.

कायद्याची वाण नाही

येथे कोणी असे म्हणेल की, कायदाच नसेल तर कर्मचारी तरी काय करणार? हा युक्तिवाद टिकणारा नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. काही वर्जित प्रयोजने सोडून १ मे १९६६ पासून शासकीय कामकाज मराठीतून करण्याचे बंधन लागू झाले. स्थानिक स्वराज्य संस्थांबाबत त्या कायद्यात स्पष्ट तरतूद नव्हती. ती पळवाट महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ याने बुजवली. मार्च २०२४ मध्ये राज्याचे मराठी भाषा धोरण मंजूर झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने तर संगणकाच्या कळफलकावर रोमनबरोबर देवनागरी अक्षरेही असावीत इथपर्यंतचा तपशील सांगितला. एका भाषेसाठी याहून अधिक कागद शासनाने कोणता काढायचा?

आणि तरीही अंतर राहिले आहे. कायद्याने जिंकले ते फलक, पत्रशीर्ष आणि शिक्के. नगर परिषदेचा सभावृत्तांत मराठीत असतो, कराची मागणी मराठीत येते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु गेल्या दोन दशकांत कारभार कागदावरून संगणकावर गेला आणि जाताना मराठीला उंबरठ्यावर ठेवून गेला. घर बांधायचे म्हटले तर डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली समोर येते. वास्तुविशारद आणि अभियंते ज्या प्रतीवर काम करतात ती शेकडो पानांची प्रत इंग्रजीत आहे. आपल्याच भूखंडावर किती जागा मोकळी सोडायची, हे जागेच्या मालकाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंडही ठेवला. मात्र सेवा वेळेवर मिळाली आणि ती समजलीच नाही, तर त्या अधिनियमात दंड कोणाला? उशीर हा अपराध ठरला. अनाकलनीयता अद्याप ठरलेली नाही.

अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू असावी की नसावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने मराठीच्या जोडीला उर्दू असणे २०२२ च्या कायद्याविरुद्ध नाही, असा निकाल दिला. त्या निकालाविषयी ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. पण फलकासाठी दिल्लीपर्यंत जाणाऱ्या महाराष्ट्रात खिडकीवरच्या अर्जासाठी तहसीलपर्यंत तरी कोण गेले? २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी नको यासाठी राज्य ढवळून निघाले आणि २९ जून रोजी शासनाने आपले निर्णय मागे घेतले. त्या दोन महिन्यांतील भाषणांचा शतांश आवेश जरी इंग्रजी अर्जांच्या वाट्याला आला असता, तरी कळमेश्वरच्या त्या वृद्धेचे काम झाले असते. हिंदी ही तिची वैरीण नाही. जुन्या मध्यप्रदेशात नागपूर राजधानी असताना हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा स्वातंत्र्यानंतर राज्यकारभारात एकत्र नांदल्या. दोघी बहिणी अंगणात भांडत राहिल्या आणि घराच्या किल्ल्या मात्र तिसरीच्या कमरेला राहिल्या, असा हा प्रकार आहे.

‘संगणकाला मराठी येत नाही’

प्रशासनाकडून नेहमी मिळणारे उत्तर म्हणजे, ‘यंत्रणा तशी आहे.’ १९६० च्या दशकात मराठी टंकलेखन यंत्रे नाहीत, ही सबब होती. पुढे लघुलेखक नाहीत, ही सबब झाली. आता सर्व खापर संगणकावर फुटते. या सबबीत तथ्य किती? भारतीय लिप्यांसाठी संगणकीय संकेतांचे मानक भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी घेतलेले श्रम सर्वश्रुत आहेत. २०२२ पासून केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रम भारतीय भाषांतील अनुवाद आणि वाचासंगणनाचे काम करीत आहे. देशातील पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले. महाराष्ट्रात त्या पत्रावर नाव मराठीतही छापले जाते. म्हणजे यंत्राला मराठी येते, लिहिता येते आणि छापताही येते. जे आले नाही ते यंत्र मागवणाऱ्याच्या मनात. निविदा काढताना मराठीची अट पहिल्या पानावर घातली असती, तर कंत्राटदाराने मराठीत यंत्रणा दिली असती. अट घातली नाही, म्हणून त्याने जी तयार होती ती दिली.

२०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरले जात असताना याची प्रचीती आली. बँकांच्या यंत्रणेला इंग्रजी तपशील लागतो, सबब मराठीत भरलेले अर्ज बाद होणार, अशी धास्ती बायाबापड्यांत पसरली. मराठीतील अर्ज बाद होणार नाहीत, असा खुलासा अखेर मंत्री आदिती तटकरे यांना करावा लागला. खुलासा झाला हे उत्तमच. पण मराठी राज्याच्या योजनेचा मराठी अर्ज चालतो, हे मंत्र्यांना जाहीरपणे सांगण्याची वेळ यावी, यातच रोगाचे निदान आहे.

या रोगाचे सर्वांत चिवट लक्षण म्हणजे नाव. ‘चौधरी’ हे आडनाव देवनागरीत एकाच रीतीने लिहिले जाते. रोमन लिपीत त्याची किमान अर्धा डझन रूपे होतात. ‘वानखेडे’ हे नाव कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. शाळेत मास्तरांनी एक रूप लिहिले, बँकेत कारकुनाने दुसरे, आधार केंद्रात मुलाने तिसरे. यापैकी एकही रूप त्या माणसाने स्वतः निवडलेले नाही. तरीही ती विसंगती दूर करण्याचा भार त्याच्यावर पडतो. जन्म-मृत्यू नोंदीतील दुरुस्ती १९६९ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली होते. त्यासाठी पुरावे, प्रतिज्ञापत्र, फेऱ्या आणि बुडालेली रोजी. ज्याने चूक केली तो टंकणारा पंख्याखाली बसतो आणि ज्याचे नाव चुकले तो रांगेत उभा राहतो!

न्यूयॉर्क आणि कळमेश्वर

इंग्रजीचा कैवार घेणारी मंडळी अमेरिकेचा दाखला देतात. तेव्हा अमेरिकेचाच दाखला घेऊ. न्यूयॉर्क नगराने २०१७ साली एक स्थानिक कायदा केला. इंग्रजी मर्यादित येणाऱ्या रहिवाशांसाठी नगराच्या खात्यांनी वारंवार लागणारे कागद दहा भाषांत उपलब्ध करावेत आणि दूरध्वनीवर दुभाषे द्यावेत, असे त्याने ठरवले. त्या दहा भाषांत बंगाली आहे, उर्दू आहे, अरबी आहे, कोरियन आहे. कॅलिफोर्निया राज्याने तर असा कायदा १९७३ मध्येच केला होता. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी इंग्रजीला अधिकृत भाषा घोषित करून २००० सालचा यासंबंधीचा संघीय आदेश मागे घेतला, हेही खरे. पण नगराने स्वतः केलेला कायदा नगराचा आहे.

आता तुलना करावी. तेथे इंग्रजी न येणारा माणूस अल्पसंख्य आहे, पुष्कळदा कालपरवा येऊन राहिलेला आहे. तरी नगर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलते. येथे २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा मराठी आहे. संपूर्ण देशात इंग्रजी मातृभाषा सांगणारे तीन लाखही नाहीत, आणि दुसरी वा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे धरले तरी प्रमाण दहांत एकाच्या आसपास जाते. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जी सोय पाहुण्याला, ती कळमेश्वरात यजमानाला नाही. जगाच्या पाठीवर कोठे बहुसंख्यांना आपल्याच घरात ‘भाषेची अडचण असलेले’ ठरवले जात असेल, तर ते येथे.

मराठीत दडलेले इंग्रजी

येथवरचे सारे दुसऱ्यांचे दोष झाले. एक दोष मराठीच्या कैवाऱ्यांचाही आहे आणि तो झाकून ठेवण्यात हशील नाही. अर्ज मराठीत आला म्हणजे तो समजतोच असे नाही. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले. १९६२ च्या सुमारास त्याचा पदनाम कोश निघाला आणि आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले. ती टीका शब्दांपुरती घेतली तर अन्यायाची होती. नव्या शब्दाची समाजाला धास्ती नसते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि फारसी-अरबी शब्दांना सुमारे १४०० संस्कृत पर्याय दिले. स्वराज्याला स्वतःची भाषा असली पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले महापौर, दिनांक, क्रमांक हे शब्द आज त्यांचे विरोधकही वापरतात. नागपुरातच डॉ. रघुवीर यांनी पारिभाषिक शब्दांचे डोंगराएवढे काम केले.

अडचण शब्दात नसून वाक्यात आहे. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणास याद्वारे कळविण्यात येते की’ अशा थाटाच्या वाक्यात सर्व शब्द मराठी असतात आणि चाल मात्र साहेबाची. कर्ता हरवलेला, क्रिया कर्मणीत, अर्थ शेवटच्या ओळीत. इंग्रज गेला, त्याच्या कचेरीतील वाक्य लुगडे नेसून मागे राहिले. ‘तुमचा अर्ज मिळाला. घरपट्टीची पावती जोडलेली नाही. ती आठ दिवसांत आणून द्या,’ असे लिहिले तर शासनाची प्रतिष्ठा कमी होईल काय? उलट वाढेल. स्वभाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी हा सोपेपणाही तितक्याच आग्रहाने मागितला पाहिजे. न कळणारी मराठी इंग्रजीच्याच पथ्यावर पडते.

नागदेवाचार्यांचे उत्तर

विदर्भाला हा धडा नवा नाही. कळमेश्वरच्या पश्चिमेला, अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तेथेच म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. श्रीचक्रधरांच्या पश्चात महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे होती. पंथातील विद्वान केसोबासांना संस्कृतात लिहिण्याची अनुज्ञा हवी होती. नागदेवाचार्यांनी ती नाकारली. कारण सांगितले ते एवढेच की, तसे केले तर आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. संस्कृत ही देववाणी, नागदेवाचार्य तिचा अनादर करणारे नव्हते. पण ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांनाच कळणार नसेल, तर देववाणीनेही थांबावे, एवढे निःसंदिग्ध उत्तर सातशे वर्षांपूर्वी या मातीने दिले. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्या विद्यापीठात येत नाहीत. त्या नगर परिषदेच्या खिडकीवर येतात. जेथे संस्कृतनेही त्यांच्यासाठी मार्ग सोडला, तेथे इंग्रजीने आडवे पडून राहावे?

उपाय अवघड नाहीत

करायचे काय, हे सांगण्यासाठी समित्यांची गरज नाही. पहिली गोष्ट, देवनागरीतील नाव हे मूळ मानावे आणि रोमन रूप यंत्राने एका ठरावीक तक्त्यानुसार त्यावरून तयार करावे. देवनागरीत नाव जुळत असेल, तर केवळ रोमन अक्षरांच्या फरकावरून कोणताही अर्ज परत करता येणार नाही, असा नियम राज्याने करावा आणि केंद्रीय कार्यालयांसाठी तसा आग्रह दिल्लीत धरावा. दुसरी, यापुढे नगर परिषदेच्या कोणत्याही संगणक प्रणालीचे देयक, मराठीतून अर्ज भरून, मराठीतून पोच आणि मराठीतूनच संदेश मिळाल्याची खात्री पटल्याखेरीज अदा होऊ नये. कंत्राटदाराला जी भाषा तत्काळ कळते ती हीच. तिसरी, प्रत्येक नमुना अर्ज छापण्यापूर्वी सातवी शिकलेल्या चार माणसांकडून भरून पाहावा. जेथे ते अडतील ते वाक्य बदलावे. चौथी, औद्योगिक वसाहतीतील श्रमिकासाठी मराठीच्या जोडीला हिंदीतून साहाय्य असावे. तोही या इंग्रजीने तितकाच नाडलेला आहे आणि मराठी शिकण्याची पहिली इच्छा त्याला आपुलकीच्या वागणुकीतूनच होईल. केंद्राने २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला दिला आहे. माहिती घेणाऱ्या कंपनीला जे बंधन, ते सेवा देणाऱ्या शासनाने स्वतःला का लावून घेऊ नये?

परंतु सर्व काही शासनावर सोपवून समाजाने स्वस्थ बसणे ही आपली परंपरा नाही. ज्या घरात इंग्रजी आली, ती घरे आज काय करीत आहेत? मुलगा परदेशी गेल्याचे कौतुक आहे, नातवंडाला मराठी अंक येत नाहीत याचेही कौतुक आहे, आणि शेजारच्या काकूंचा अर्ज भरून देण्यास मात्र वेळ नाही. महिन्यातून दोन रविवार प्रत्येक वस्तीत चार सुशिक्षितांनी मंदिराच्या ओट्यावर बसावे, अर्ज वाचून दाखवावेत, भरून द्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता अर्ज कोणत्या शब्दापाशी अडतो याची नोंद ठेवावी आणि ती यादी दर महिन्याला मुख्याधिकाऱ्यांच्या हाती द्यावी. अर्ज भरून देणे ही सेवा झाली. अर्ज असा व्हावा की भरून देणाऱ्याची गरजच उरू नये, हे कार्य झाले. सेवेवर थांबणारा माणूस नकळत नवा मध्यस्थ बनतो, आणि समाजाला मध्यस्थ पुरे झाले आहेत.

इंग्रजी शिकू नये, असे येथे कोणीही म्हणत नाही. ज्याला जगात जायचे त्याने ती अवश्य शिकावी, उत्तम शिकावी. पण पतीच्या मृत्यूचा दाखला मिळवण्यासाठी कोणाला जगात जावे लागू नये. त्यासाठी कळमेश्वर पुरेसे असले पाहिजे. ज्या दिवशी ती वृद्धा खिडकीवरून आपला कागद घेईल, तेथेच उभी राहून स्वतः वाचेल, चूक असेल तर त्याच क्षणी बोट ठेवून दाखवेल आणि कोणालाही पैसे न देता घरी परतेल, त्या दिवशी फलकावरच्या मराठीला अर्थ येईल. तोवर अभिजात भाषेचे सोहळे खुशाल साजरे व्हावेत. त्या सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिकेबरोबर तिच्या परत आलेल्या अर्जाची एक प्रतही जोडलेली असावी.